सात-बारावरचा 'आर' आणि पराणीची 'आर' : एक शब्द, किती घरांचा?

कृष्णाकाठ :
सर्वांना नमस्कार. वडिलांच्या पश्चात जमिनीवर आम्हा भावंडांची नावे लावून घेण्याचे काम सध्या चालू आहे. त्यासाठी काढलेला सात-बारा घेऊन परवा मी वाळवा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात बसलो होतो. शेजारी बारा वर्षांची पुतणी होती. उताऱ्यावर क्षेत्र शून्य हेक्टर एकसष्ट आर असे लिहिलेले होते. "काका, आर म्हणजे काय?" असे तिने विचारले आणि मी काही बोलण्याच्या आधीच आत तांदूळ निवडत बसलेली आई म्हणाली, "आर म्हंजे पराणीची आर. आढ्याला खोचल्याली हाय बघ की अजून."

आजोबांची पराणी, म्हणजे बैल हाकायची काठी, मग खाली काढली. साडेतीन हात लांब वेळूची काठी आहे. आजोबांचा हात जिथे असायचा तिथे ती काळपट आणि गुळगुळीत झाली आहे, आणि टोकाला बोटाच्या पेराएवढी लोखंडी आर अजून घट्ट बसलेली आहे. पुतणीने ती आर अंगठ्याने चाचपून पाहिली, मग उताऱ्यावरच्या अक्षरांवर बोट ठेवून विचारले, "म्हणजे पूर्वी जमीन पराणीनं मोजायचे?"

तिचा हा तर्क मला बाळबोध वाटला नाही. शिवकाळात जमीन काठीनेच मोजत असत आणि त्या काठीची लांबी पाच हात पाच मुठी धरली जाई. काठीचे टोक ते आर, आणि तेच पुढे मापाचे नाव झाले, असे कोणी छातीठोकपणे सांगितले असते तर मी ते खरे मानले असते. म्हणून येथील जाणकारांना विचारतो की हे दोन शब्द एकाच घरचे आहेत की केवळ वाटेत भेटलेले आहेत, आणि आवाज सारखा असला तरी नाते आहे किंवा नाही हे सामान्य माणसाने कशावरून ओळखावे? आपल्या अनुभवातले असे शब्दही अवश्य लिहावेत.

निवृत्त तलाठी :
तीस वर्षे उतारे लिहिण्यात गेली, त्यामुळे या शब्दाविषयी लिहायला मला मनापासून आवडेल. उताऱ्यावरचा आर हे मेट्रिक माप आहे. दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद, म्हणजे १०० चौरस मीटर जागा म्हणजे एक आर, आणि असे १०० आर म्हणजे एक हेक्टर. हेक्टर या शब्दाच्या शेवटी हाच आर बसलेला आहे आणि त्याच्या आधी शंभर या अर्थाचा ग्रीक शब्द जोडलेला आहे. फ्रान्समध्ये १७९५ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, त्यात हे माप ठरले आणि त्याचे नाव लॅटिन 'आरेआ' या शब्दावरून घेतले गेले. आरेआ म्हणजे मोकळी सपाट जागा. धान्य मळायच्या खळ्यालाही रोमन लोक हाच शब्द वापरत. आपल्या देशात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि त्यांच्याबरोबर हा आर आपल्या दप्तरात शिरला.

शेतकरी अजूनही गुंठ्यातच बोलतो आणि त्यामुळे त्याचे फारसे अडत नाही. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे गुंठा, तो १०८९ चौरस फूट भरतो. आर सुमारे १०७६ चौरस फूट भरतो. फरक सुमारे तेरा चौरस फुटांचा आहे. आपले एकसष्ट आर म्हणजे जवळजवळ दीड एकर समजावे.

शब्दवेडी :
तलाठीसाहेबांनी अर्धे उत्तर दिले, उरलेले अर्धे मी देते. पराणीची आर संस्कृत 'आरा' या शब्दापासून आली आहे. हा शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पूषन् या पशुपालांच्या देवाच्या हातात ही आरा आहे. चांभाराची आरी हीच तिची धाकटी बहीण. म्हणजे कृष्णाकाठ यांच्या घरी एक शब्द आढ्याला खोचलेला होता, तो वैदिक काळापासून बैलांच्या मागे चालत आलेला आहे. आणि दुसरा हातातल्या कागदावर होता, तो पॅरिसच्या कायद्यातून आलेला आहे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

वेण्णा :
मला हे पटत नाही. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा आहेत हे सर्वमान्य आहे. मग आरा आणि आरेआ यांचा संबंध नाही असे ठामपणे कसे म्हणता येईल? संस्कृतात 'ऋ' हा गतिवाचक धातू आहे. बैलाला गती देते ती आरा, चाकाला गती देतो तो अर, आणि ज्या जागेवर बैल फिरतात ते खळे म्हणजे आरेआ. माझ्या मते मूळ एकच असावे आणि शोध घेतला तर बहुतेक सारखे शब्द असेच एका मुळाशी पोचतील.

शब्दवेडी :
वेण्णाताई, आपली मांडणी सुंदर आहे, आणि म्हणूनच तिच्यापासून सावध राहायला हवे असे मला वाटते. कृष्णाकाठ यांच्या पुतणीची मांडणीही अशीच सुंदर होती. अर्थाचा धागा कल्पनेने जोडता येतो, आणि कल्पना ताणली की तो कुठूनही कुठे पोचतो. भाषा एका कुळातल्या असल्या तरी त्यांच्यातला प्रत्येक शब्द दुसऱ्याचा भाऊ असतो असे नाही. शिवाय खऱ्या भावंडांचे चेहरे हजारो वर्षांत पार बदलून गेलेले असतात. संस्कृत आरा या शब्दाची खरी नातेवाईक म्हणून अभ्यासक इंग्रजी 'ऑल' या शब्दाकडे बोट दाखवतात. ऑल म्हणजे चामडे टोचायची आरी. अर्थ तोच आहे, पण आवाज ऐकून हे नाते कोणाच्या लक्षातही येणार नाही. उलट आरेआचा आवाज जवळचा आहे आणि अर्थ मात्र भलतीकडचा आहे.

जतचे वारे :
मी जत तालुक्याच्या पूर्व भागातला आहे. आमच्याकडे घरात कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही, अशी परिस्थिती आहे, त्यामुळे या धाग्यातला प्रश्न आमच्या अंगणातलाच म्हणायला हवा.

मी पाच वर्षांचा असताना माझी सातारची मामेबहीण उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे आली होती. तिला कन्नडचा गंधही नव्हता. एका संध्याकाळी आजोबा बाहेरून आले आणि आजीला कन्नडमध्ये म्हणाले की उद्या सकाळी गाडी तुंब हत्ति येणार आहे. गाडी आणि हत्ती हे दोन शब्द तिने बरोबर टिपले. रात्रभर ती झोपली नाही आणि उजाडायच्या आत वेशीपाशी जाऊन उभी राहिली. गाडी आली, ती कापसाने गच्च भरलेली होती. कन्नडमध्ये हत्ति म्हणजे कापूस, आणि हत्तीला म्हणतात आने. ती कापसाच्या ढिगाकडे पाहून जी रडायला लागली, ती आजोबांनी तिला उचलून त्याच ढिगावर बसवले तेव्हा थांबली. आज ती पन्नाशीची आहे, पण कापूस दिसला की अजूनही हत्तीच म्हणते.

आता शब्दवेडीताईंच्या मुद्द्याकडे येतो. आपला मराठी हत्ती संस्कृत 'हस्तिन्' पासून आला. त्याचे प्राकृतात 'हत्थि' झाले आणि मराठीत हत्ती झाले. कन्नड हत्तीचा मार्ग पूर्णपणे वेगळा आहे. जुन्या कन्नडात ज्या शब्दांच्या सुरुवातीला 'प' होता, त्यांपैकी बहुतेकांचा मध्ययुगात 'ह' झाला. जुने पाल् म्हणजे दूध, त्याचे हालु झाले. पुलि म्हणजे वाघ, त्याचे हुलि झाले. पत्तु म्हणजे दहा, त्याचे हत्तु झाले. कापूसही आधी पत्ति होता, त्याचे हत्ति झाले. शेजारच्या तमिळमध्ये आजही कापसाला परुत्ति आणि दुधाला पाल् म्हणतात, तेलुगूत दुधाला पालु म्हणतात. त्यांचा 'प' शाबूत राहिला. म्हणजे हजार वर्षांपूर्वी एखादी मराठी मुलगी आमच्या गावी आली असती तर तिचा असा गैरसमज झालाच नसता. दोन शब्द दोन दिशांनी चालत आले आणि आमच्या वेशीवर त्यांची गाठ पडली, एवढेच.

कोयनामाई :
गाडीभर हत्तींची वाट पाहणारी ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. फार सुंदर लिहिले आहे, जतचे वारे.

निवृत्त तलाठी :
हालु वाचून आठवले. मराठीत 'हाल' म्हणजे यातना, आणि तो मूळ अरबी शब्द आहे. अरबीत हाल म्हणजे केवळ अवस्था; ती चांगली असू शकते आणि वाईटही. मराठीत येऊन तिची वाईट बाजूच शिल्लक राहिली. त्याच अरबी शब्दाचे 'हल्ली' हे रूप 'सध्याच्या काळी' या अर्थाने आपण रोज वापरतो. आता कन्नडमध्ये हल्ली म्हणजे काय, हे जतच्या मित्रांनीच सांगावे.

जतचे वारे :
हल्लि म्हणजे पाल, भिंतीवरची. आणि हळ्ळि म्हणजे खेडे, तेथे 'ळ' आहे. तो फरक कानाने नीट टिपावा लागतो. माझी पत्नी विजापूरकडची आहे. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मराठी मावशी तिच्यापाशी बसून "हल्ली आमचे फार हाल होतात बाई" असे सांगत होत्या, तेव्हा हिला त्या वाक्यात पाल आणि दूध एवढेच ऐकू आले आणि ती घाईघाईने दुधाच्या भांड्यावर झाकण ठेवून आली. मावशींना वाटले की सून कामाची आहे.

मिरज जंक्शन :
जतच्या पोस्टमधला 'तुंब' हा शब्द वाचून मला राहवले नाही. कन्नडमध्ये तुंब म्हणजे भरलेले, भरपूर. मराठीत गटार तुंबते, ते त्याच अर्थाच्या जवळपास आहे. पण आमच्या मिरजेत सतारी आणि तानपुरे घडवणाऱ्यांच्या गल्लीत गेलात तर तुंबा म्हणजे भोपळा. वाद्याचा जो गोल, पोकळ भाग असतो तो तुंबा, आणि तो आतून रिकामा असतो म्हणूनच वाजतो. हा शब्द संस्कृत 'तुंब', म्हणजे भोपळा, यापासून आला. एक तुंब भरलेला आणि दुसरा तुंबा मुद्दाम कोरून रिकामा केलेला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे या निमित्ताने अभिमानाने सांगावेसे वाटते.

सतार या शब्दाचीही अशीच कथा आहे. बाहेरगावचे पाहुणे अनेकदा विचारतात की सतारीचा आणि साताऱ्याचा काही संबंध आहे का. काही संबंध नाही. फारसीत सेह म्हणजे तीन आणि तार म्हणजे तंतू, म्हणून सेहतार. आपण गाताना तार सप्तक म्हणतो तो तार मात्र संस्कृत आहे, त्याचा अर्थ उंच स्वर. सतारीची तार ही वस्तू आहे आणि सप्तकातला तार हा स्वराचा गुण आहे. ऐन मैफलीत दोन्ही एकाच क्षणी हजर असतात, तरी त्यांची गल्लत कोणी करत नाही.

अग्रणी :
साताऱ्याच्या नावाबद्दल तर प्रत्येक आळीत वेगळी गोष्ट ऐकायला मिळते. किल्ल्याचे सतरा तट, बुरूज आणि दरवाजे होते म्हणून सातारा, असे कोणी सांगतात, तर कोणी सात तारे मोजून दाखवतात. आमच्या सांगलीला सहा गल्ल्या होत्या म्हणून सांगली, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नाव आधी असते आणि गोष्ट मागाहून त्याच्या मापाने शिवली जाते, असे मला वाटते.

पण एक गोष्ट मी खात्रीने मांडतो. 'गुंठा' हा शब्द इंग्रजी आहे. सतराव्या शतकात एडमंड गुंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने ६६ फुटांची मोजणीची साखळी तयार केली, तिला गुंटरची साखळी म्हणतात. तिच्या अर्ध्या लांबीचा, म्हणजे ३३ फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा. हिशेब इंचाइंचाने जुळतो. गुंटरचा गुंठा झाला, हे उघड आहे.

निवृत्त तलाठी :
अग्रणी, साखळीचा हिशेब अगदी बरोबर आहे, आणि ब्रिटिश मोजणीत आपला गुंठा त्या साखळीला बांधला गेला हेही खरे आहे. पण त्यामुळे शब्दही त्या साहेबाचा ठरत नाही. ओडिशातही जमीन गुंठ्यात मोजतात आणि तिथे एका एकरात २५ गुंठे असतात, आपल्यासारखे ४० नव्हेत. शब्द जर साखळीतून जन्मला असता तर साखळी जिथे जिथे गेली तिथे त्याचे माप एकच राहिले असते. कन्नड, तेलुगू आणि ओडिया या भाषांत हा शब्द आपापल्या घरच्यासारखा वावरतो. नोकरीला लागलो तेव्हा एका वरिष्ठांनी मलाही गुंटरची हीच कथा सांगितली होती आणि ती मी पंधरा वर्षे पुढे सांगत राहिलो, याचे आज वाईट वाटते.

अग्रणी :
ओडिशाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. माझे म्हणणे मागे घेतो आणि या माहितीबद्दल आपले आभार मानतो.

खिलारी :
बैलांचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे चार पिढ्या खिलार बैल आहेत. घोड्याला नाल मारतात, बैलाला पत्री मारतात. घोड्याचे खूर अखंड असते म्हणून त्याला एकच वाकवलेला नाल पुरतो. बैलाचे खूर दुभंगलेले असते म्हणून एका पायाला दोन पत्र्या लागतात. बैल पाडून, पाय बांधून, खूर तासून मगच पत्री बसवायची असते, आणि खिळा मांसाच्या अंगाला गेला तर बैल आठवडाभर पाय टेकत नाही. आमच्या भागातल्या प्रतिसरकारला लोक पत्रीसरकार का म्हणू लागले, याच्या दोन कथा आहेत. प्रति या शब्दाचेच लोकांच्या तोंडी पत्री झाले अशी एक, आणि गुन्हेगारांच्या तळपायांना बैलासारख्या पत्र्या ठोकत अशी दुसरी. जुनी माणसे दुसरीच सांगतात.

आता नाल. हा शब्द अरबी आहे. त्या भाषेत त्याचा अर्थ पायातला जोडा. पण विटीदांडू खेळताना आम्ही "वकट, लेंड, मूंड, नाल" असे मोजायचो, तिथे नाल म्हणजे चार. ते चार कुठून आले, हे कोणी सांगेल का?

शब्दवेडी :
खिलारीदादा, ते तेलुगू अंक आहेत. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. म्हणजे एक, दोन, तीन, चार. आपल्या मुलांनी ते खेळाबरोबर उचलले आणि अर्थ न कळताही पिढ्यान्‌पिढ्या जपले. शिवाय देठ किंवा नळी या अर्थाचा संस्कृत नालही आहे, ज्यावरून बाळाची नाळ आली. घोड्याचा नाल अरबी, विटीदांडूचा नाल द्राविडी आणि कमळाचा नाल संस्कृत. तीन वेगळ्या भाषाकुळांतले तीन शब्द एका आवाजात येऊन बसले आहेत. या धाग्यात यापेक्षा चांगले उदाहरण मिळेल असे मला वाटत नाही.

खिलारी :
मग आणखी एक सांगतो, कृष्णाकाठ यांच्या उपयोगाचे आहे. आमच्या गल्लीत नालनंतर 'आर' म्हणायचे.

शब्दवेडी :
तेलुगूत आरु म्हणजे सहा! मधला ऐदु, म्हणजे पाच, आपल्याकडे येता येता कुठेतरी गळाला. कृष्णाकाठ, आपल्या पुतणीला तिसरा आर मिळाला.

पेठेतला पाहुणा :
आमचा सांगलीत हळदीचा व्यवसाय आहे. वडिलांच्या काळी निजामाबादकडचे एक व्यापारी आमच्या पेढीवर प्रथमच आले. गादीवर बसल्याबरोबर त्यांनी नम्रपणे विचारले, "मी पेरु एमिटि?" आमच्या दिवाणजींनी त्यातला 'मी' ऐकला आणि 'पेरू' ऐकला. हंगाम पेरूचाच होता. त्यांनी पोराला पिटाळून तासगाव वेशीकडून चांगले पाटीभर पेरू आणवले आणि कापून, मीठ-तिखट लावून पाहुण्यांसमोर ठेवले. पाहुण्यांनी ते आवडीने खाल्ले आणि पुन्हा तेच विचारले. तेव्हा आणखी पेरू कापले गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी आपल्या छातीवर हात ठेवून स्वतःचे नाव सांगितले आणि मग उलगडा झाला. तेलुगूत 'मी' म्हणजे 'आपले' आणि 'पेरु' म्हणजे 'नाव'. ते आमच्या वडिलांचे नाव विचारत होते. त्या घराण्याशी आमचे संबंध आजही आहेत आणि त्यांच्याकडे पत्र गेले की त्यात पेरूची आठवण असतेच.

जतचे वारे :
या तेलुगू पेरूचा कन्नड भाऊ म्हणजे 'हेसरु', अर्थ नाव. जुन्या कन्नडात तो 'पेसर्' होता. पुन्हा तोच 'प' आणि तोच 'ह'. नियम असा वारंवार लागू पडतो, तेव्हाच नाते खरे असते.

कोयनामाई :
आणि शेतकऱ्याच्या तोंडी 'पेरू' म्हणजे 'आपण पेरणी करू'. पोर्तुगीज भाषेत पेरू म्हणजे टर्की नावाचा मोठा पक्षी, आणि त्याच पक्ष्याला तुर्की भाषेत म्हणतात 'हिंदी'. प्रत्येकाने तो दुसऱ्याच देशातून आला असे समजून नाव ठेवले.

वेण्णा :
हे सर्व वाचून माझे मत बरेच बदलले आहे, पण एक शंका उरते. अर्थ वेगळा असेल तर नाते नाही, हे मी मान्य करते. पण आवाज आणि अर्थ दोन्ही सारखे असतील तेव्हा तरी नाते मानायचे की नाही? माझा मुलगा पुण्यात जपानी शिकतो. जपानीत प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी 'का' लावतात. आपणही "येतोस का?", "जेवलास का?" असेच म्हणतो. जागा तीच, आवाज तोच, अर्थही तोच. हा योगायोग कसा म्हणावा?

शब्दवेडी :
वेण्णाताई, हा प्रश्न या धाग्याचा गाभा आहे. तरीही हा योगायोगच आहे. आपला 'का' संस्कृतातल्या 'क' या प्रश्नार्थक सर्वनामाच्या कुटुंबातला आहे. कोण, काय, कुठे, कधी, केव्हा ही त्याची सगळी भावंडे मराठीत एकत्र नांदतात. जपानी 'का' ला असे कुटुंब नाही; तिथे कोण म्हणजे 'दारे', काय म्हणजे 'नानि', कुठे म्हणजे 'दोको'. एकटा शब्द सारखा दिसला तर थांबावे आणि त्याचे घरदार पाहावे.

याहून जवळचे उदाहरण द्यायचे तर बदनाम, बदफैली यांतला 'बद' घ्या. तो फारसी आहे आणि त्याचा अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड' चाही तोच अर्थ आहे. तरी दोघांची मुळे वेगळी आहेत. आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर क्वीन्सलंडमधली म्बाबाराम ही भाषा तर प्रसिद्धच आहे. भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी तिच्यात कुत्र्याला काय म्हणतात असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले 'डॉग'. तो इंग्रजीतून घेतलेला शब्द नव्हता. शेजारच्या भाषांत कुत्र्याला 'गुडागा' म्हणतात. म्बाबाराममध्ये ठरावीक नियमांनी सुरुवातीचा आणि शेवटचा भाग झिजत गेला आणि डॉग उरला. जतच्या हत्तीसारखेच झाले, फक्त येथे अर्थही येऊन जुळला.

मिरज जंक्शन :
आणि नात्यांच्या शब्दांचे काय? कन्नडमध्ये तायि म्हणजे आई, आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. माझे मेहुणे काही वर्षे टांझानियात होते, ते सांगतात की स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ.

शब्दवेडी :
तिथे वेगळाच न्याय लागतो. मा, बा, दा, का हे बाळाच्या तोंडून सर्वांत आधी निघणारे आवाज आहेत, आणि ते ऐकून जवळचे जे कोणी हाकेला ओ देते त्याचे ते नाव होऊन बसते. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील आणि आईला म्हणतात 'देदा'. या शब्दांवरून भाषांचे नाते कोणी काढू नये. उलट अण्णा, अक्का, तूप हे शब्द पाहा. आवाज जवळचा, अर्थ जवळचा, भाषा शेजारच्या आणि शेकडो वर्षांचे जाणे-येणे. तिथे कन्नडचे ऋण मोकळेपणाने मानावे. म्हणजे कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे की शब्दाचे जुने रूप पाहावे, त्याची भावंडे पाहावीत, बदलाचा नियम इतर शब्दांनाही लागतो का ते पाहावे, आणि तो शब्द कोणाबरोबर आला असेल ती वाट खरोखर होती का ते तपासावे.

वेण्णा :
शेवटचा मुद्दा मला सर्वांत पटला. आरेआ आणि आरा यांना एकत्र आणणारी वाट मी कल्पनेनेच बांधली होती. मात्र कागदावरच्या आराची वाट तलाठीसाहेबांनी सालासकट दाखवली.

कृष्णाकाठ :
सर्वांचे मनापासून आभार. काल हा संपूर्ण धागा पुतणीला वाचून दाखवला. हत्तीची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. तिने वहीत आर या शब्दाखाली तीन ओळी लिहिल्या आहेत. पराणीची आर संस्कृत, जमिनीचा आर फ्रेंच, विटीदांडूचा आर तेलुगू. आईला मात्र पूषन् देवाचे ऐकून आनंद झाला आणि तिने पराणी पुसून, तेलाचे बोट लावून पुन्हा आढ्याला खोचायला सांगितली.

ती खोचण्याआधी पुतणीने एक काम करून घेतले. एक आर म्हणजे नेमकी किती जागा हे तिला डोळ्यांनी पाहायचे होते. तलाठीसाहेबांनी खळ्याचा उल्लेख केला होता, म्हणून आम्ही घरामागच्या जुन्या खळ्यावर गेलो. मळणी यंत्रे आल्यापासून तिथे कोणी बैलांची पात फिरवत नाही, पण मधल्या खांबाचा, म्हणजे तिवड्याचा खड्डा अजून दिसतो. मीटरची टेप मी धरली आणि दुसऱ्या टोकाला खूण म्हणून तिने पराणी आरेवर उभी रोवली. खळे बरोबर दहा मीटर रुंद भरले. मी म्हणालो, झाला एक आर. तिने तिथेच मातीत काडीने गुणाकार केला आणि मला सांगितले की खळे गोल आहे, चौकोनी नाही, त्यामुळे ते साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मीटरच आहे आणि आर पुरा व्हायला चारही कोपरे अजून लागतील.